ओल पाहून मोल ठरवावे

काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती पेशवाईपासूनची. तेथील एखादे जुने घर आपले व्हावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र नुकताच रंग दिलेली भिंत पाहून इसार देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या घरांच्या भिंती बहुधा लाखौरी विटा व चुन्याच्या असतात. जमिनीतील ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि चुन्यातून वाळून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ही वाट बंद होते. ओल आणखी वर सरकते व भिंतीला लोणा लागतो. शिवाय गंगेचा शेजार आहेच. १९७८ च्या पुरात तिची पातळी ७३.९० मीटर, म्हणजे धोक्याच्या पातळीहून अडीच मीटरपेक्षा अधिक होती.

म्हणून घर पावसाळ्याच्या अखेरीस पाहावे व जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावे. गच्ची आणि गटारांची गळती आधी थांबवावी, गिलावा नंतर आणि तोही चुन्याचाच करावा. हा खर्च किंमत ठरवतानाच वजा व्हावा. बँकेचे मूल्यांकन तारणापुरते असते; ओलीचे निदान त्यात होईलच असे नाही. रंगाखालची ओल एका पावसाळ्यात उघडी पडते. कर्जाचे हप्ते मात्र अनेक वर्षे फेडावे लागतात.