पॉवर बँक म्हणजे सेल नव्हे

भंडारदऱ्याच्या धरणाखाली वीज तयार होते आणि जवळच्याच राजूरला, आमच्या घरी, पावसाळ्यात तीच वीज दिवसदिवस गायब असते. अशाच एका दिवशी चुलतभावाच्या फवारणी पंपाची बॅटरी बसली. लगेच मला फोन. "तू इंजिनिअरिंगला ना? घरात तीन पॉवर बँक आहेत, पाच-पाच व्होल्टच्या. सिरीजमध्ये पंधरा. पंप बाराचा. लावू का?"

खरं सांगतो, मी 'लाव' म्हणणार होतो. टॉर्चमध्ये एकामागे एक सेल घालतच आपण मोठे झालो.

पण पॉवर बँकेत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असतो आणि त्याचे ५ व्होल्ट करणारं सर्किट. तिघींपैकी जी आधी दमेल तिचं सर्किट बंद होतं, आणि उरलेल्या दोघी तिच्या आउटपुटवर उलटं व्होल्टेज टाकतात. नुसतं सर्किट जळण्यावर निभावलं तर नशीब समजा. त्याहून वाईट म्हणजे तशाच जोडलेल्या तिघी एका चार्जरला लावणं. इनपुट आणि आउटपुटची निगेटिव्ह आतून सहसा एकच असते, म्हणजे सरळ शॉर्ट!

हिशेब कागदावर मात्र छान जमतो. १०,००० मिलीअँपिअर-तासाची एक म्हणजे ३७ वॉट-तास, तिघींचे १११. पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी ९६ ची. पण सिरीजमध्ये व्होल्ट वाढतात, अँपिअर नाही. २ अँपिअर देणाऱ्या तिघी मिळूनही २ च देणार, आणि मोटर सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त ओढते.

सिरीज वाईट नाही. ट्रकमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या जोडूनच २४ करतात. पण त्या एकाच क्षमतेच्या, एकाच वयाच्या हव्यात. ड्रायव्हरने टेपसाठी एकीवरूनच १२ घेतले की ती अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. दोन्ही लवकर मरतात.

आता आपलं होस्टेल. लाईट गेली की राऊटर चालवायला इथेही हेच उद्योग चालतात, आणि त्यावर उपाय एकच, जप्ती! माझ्या मते जप्तीने फक्त दारं बंद होतात, जोडण्या होतच राहतात. पलंगावर, गादीवर, चिकटपट्टी लावून. ते जास्त भयंकर. त्यापेक्षा इलेक्ट्रिकलची लॅब आठवड्यातून एक संध्याकाळ उघडी ठेवा. मल्टीमीटर द्या, फ्यूज द्या, एक सर बसू द्या. राऊटरला १२ व्होल्ट, अर्धा अँपिअर लागत असेल तर ५ चे १२ करणारी केबल एका पॉवर बँकेवर भागते. टाइप-सी पीडीवाली असेल तर नखाएवढा ट्रिगर बोर्ड तिच्याकडून जास्त व्होल्ट मागून घेतो. फक्त १२ सगळ्यांत नसतात, आधी वाचून घ्यावं. दोन्हीत पॅक एकच, जोडाजोड नाही.

असो. भावाने शेवटी नवी बॅटरीच आणली. जुनी दुकानदाराने वजनावर घेतली.