विश्लेषण : गिटारचा वेग म्हणजे संगीत की नुसती कसरत? ‘श्रेड’चे कोणते अल्बम आजही ऐकावेत?

मोबाइलवर रील्स चाळताना कधी ना कधी असा एखादा गिटारवादक समोर येतोच, ज्याची बोटे डोळ्यांना दिसेनाशी होतात. अर्ध्या मिनिटात शेकडो सूर, खाली अचंब्याच्या प्रतिक्रिया, आणि पुढच्याच क्षणी बघणाऱ्याचा अंगठा दुसऱ्या रीलवर. या वादनाला ‘श्रेड’ म्हणतात. त्याचे चाहते जितके कट्टर, तितकेच त्याला नाके मुरडणारेही कट्टर. मात्र या शैलीतले खरे काम रील्सच्या कितीतरी आधी, पूर्ण लांबीच्या अल्बममध्ये झाले आहे. त्यातले काही अल्बम आजही ताजे वाटतात, बरेचसे वाटत नाहीत. असे का, हे समजून घेण्याजोगे आहे.

‘श्रेड’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजीत ‘श्रेड’ म्हणजे चिंध्या करणे. इलेक्ट्रिक गिटारवर अतिवेगाने, पण प्रत्येक सूर स्वच्छ ठेवून वाजवलेल्या सोलोला हे नाव पडले. त्याची तंत्रे मोजकीच आहेत. प्लेक्ट्रम एकदा खाली, एकदा वर असे न चुकता चालवायचे, ते अल्टरनेट पिकिंग. झाडू मारल्यासारखे एकाच फटक्यात सगळ्या तारांवरून जायचे, ते स्वीप. डाव्या हाताच्या बोटांनीच तारा ठोकत सूर जोडायचे, ते लेगाटो. आणि उजव्या हाताची बोटेही थेट गिटारच्या मानेवर नेऊन तारा दाबायच्या, ते टॅपिंग. हे सारे इलेक्ट्रिक गिटारवरच का फुलले? कारण डिस्टॉर्शनमध्ये हलका आणि जोराचा आघात जवळजवळ सारखाच मोठा ऐकू येतो आणि सूर लांबतो. बोटाचा नुसता स्पर्शही मग पुरतो.

मराठी श्रोत्याला ही गोष्ट अगदी परकी वाटू नये. शास्त्रीय मैफलीत ज्याला ‘तयारी’ म्हणतात, तीच ही चीज. आणि ‘नुसती तानबाजी’ असे म्हणून जी तक्रार केली जाते, तीच तक्रार श्रेडच्या वाट्याला आली आहे.

सुरुवात कोठून झाली?

एकच जागा दाखवायची तर ‘व्हॅन हेलन’ या बँडच्या १९७८च्या पहिल्या अल्बमकडे बोट दाखवावे लागेल. त्यातला ‘इरप्शन’ हा एडी व्हॅन हेलनचा सोलो पावणेदोन मिनिटांचाही नाही. तो अल्बममध्ये घ्यायचे ठरलेलेही नव्हते. स्टुडिओत हात मोकळे करण्यासाठी एडी तो वाजवत होता आणि निर्माते टेड टेम्पलमन यांनी तो ध्वनिमुद्रित करायला लावला. त्यात आपली एक चूक राहून गेली, असे एडी पुढे सांगत असे. टॅपिंग त्याच्या आधीही काहींनी केले होते, जेनेसिसचा स्टीव्ह हॅकेट हे ठळक नाव. पण गिटार शिकणाऱ्या एका अख्ख्या पिढीला ‘हे कसे केले?’ असा प्रश्न पाडला तो एडीने. गिटारशी देणेघेणे नसलेल्यांपर्यंत त्याचा हात पोहोचला मायकल जॅक्सनच्या ‘बीट इट’मधून. त्या सोलोचे त्याने पैसेही घेतले नाहीत. जॅक्सनच्या दौऱ्यांतील गिटारवादक होती जेनिफर बॅटन. तीही टॅपिंगमध्ये मुरलेली. 

माल्मस्टीनने काय बदलले?

एडीच्या वादनात ब्लूजचा खट्याळपणा होता. स्वीडनच्या इंगवे माल्मस्टीनने तो बाजूला सारला आणि बाख व पॅगानिनी यांची वाट धरली. त्याचे प्रात्यक्षिक ध्वनिमुद्रण अमेरिकेतील श्रॅपनेल रेकॉर्ड्सच्या माइक व्हार्नी यांच्या हाती लागले, त्यांनी त्याला बोलावून घेतले आणि १९८४ मध्ये ‘रायझिंग फोर्स’ आला. त्याला ग्रॅमी नामांकनही मिळाले. माल्मस्टीनच्या स्वभावातील अहंकाराबद्दल खूप लिहिले गेले आहे, ते सोडून द्यावे. ‘ब्लॅक स्टार’ ऐकावे. वेगाच्या आधी त्यात सुराचा कंप आहे, रुंद आणि सावकाश. फ्रेटमधले लाकूड खोलगट कोरलेल्या गिटारवर तार आत दाबून तो सूर असा हलवतो, की मींड-गमकाची सवय असलेला कानही थबकावा. त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी वेग तेवढा उचलला, हा कंप नाही.

मग पुढे पूर आला. श्रॅपनेलने टोनी मॅकअल्पाइन, व्हिनी मूर, पॉल गिल्बर्टचा रेसर एक्स असे एकामागून एक वादक पुढे आणले. स्पष्ट सांगायचे तर १९८६ ते १९८९ या काळातील या पठडीतले पुष्कळ अल्बम आज संग्रही ठेवण्यासारखे नाहीत. कोरडे ढोल, अनुनासिक गायक, आणि प्रत्येक गाणे केवळ सोलोची वाट पाहणारे.

वेगात भाव नसतो, हा आक्षेप खरा आहे का?

अर्धा खरा. उत्तर द्यायला जो सॅट्रियानीचा १९८७चा ‘सर्फिंग विथ द एलियन’ पुरेसा आहे. गायक नसलेला हा अल्बम अमेरिकेत दहा लाखांवर खपला, कारण त्यातल्या सुरावटी गुणगुणता येतात. ‘ऑलवेज विथ मी, ऑलवेज विथ यू’ या संथ गाण्याच्या मधोमध टॅपिंगचा एक तुकडा आहे. सूर मोजायला गेले तर भरपूर, पण कानाला तो पाण्यावरच्या तरंगासारखा शांत लागतो. वेगाला तिथे काम दिलेले आहे. सॅट्रियानी मुळात शिक्षक. स्टीव्ह वाय हा त्याचा शिष्य, मेटॅलिकाचा कर्क हॅमेटही.

वायचा ‘पॅशन अँड वॉरफेअर’ (१९९०) मात्र सगळ्यांना झेपेल असे नाही. तो विक्षिप्त आहे, मध्ये मध्ये बोलणे आहे, काही जागी अघळपघळही आहे. पण त्यातले ‘फॉर द लव्ह ऑफ गॉड’ हे सहा मिनिटांचे वादन टाळून पुढे जाता येत नाही. उपवास सुरू असताना ते ध्वनिमुद्रित केल्याचे वायने सांगितले आहे. त्यात एकच सुरावट पुन्हा पुन्हा येते, दर फेरीला थोडी वर चढते, आणि वेग येतो तो उशिरा, बोलणे संपल्यावर हुंदका यावा तसा.

सोलो गाण्याच्या आत कसा बसवावा, याचा नमुना हवा असेल तर मेगाडेथच्या ‘रस्ट इन पीस’मधील (१९९०) ‘टॉर्नेडो ऑफ सोल्स’ ऐकावे. मार्टी फ्रीडमनचा तो सोलो काढून टाकला तर गाणेच लंगडे होईल.

जेसन बेकरचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते?

फ्रीडमनचा ‘कॅकोफनी’ या बँडमधला जोडीदार जेसन बेकर. १९८८ मध्ये ‘पर्पेच्युअल बर्न’ आला तेव्हा तो वयाच्या विशीतही पोहोचलेला नव्हता. त्यातील ‘आल्टिट्यूड्स’ आणि ‘एअर’ या रचनांचे स्वीप आजही शिकणाऱ्यांचा घाम काढतात. पुढे डेव्हिड ली रॉथच्या बँडमध्ये त्याची निवड झाली. एडी व्हॅन हेलन आणि स्टीव्ह वाय यांच्यासोबत काम केलेल्या गायकाच्या शेजारी उभे राहायचे, याहून मोठी संधी त्या काळात नव्हती. त्याच सुमारास पायात अशक्तपणा जाणवू लागला. निदान झाले एएलएस, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू काढून घेणारा असाध्य आजार. वय वीस. डॉक्टरांनी मोजकी वर्षे सांगितली. हात दुबळे होत असताना हलक्या तारा लावून त्याने रॉथचा अल्बम पुरा केला, दौऱ्यावर मात्र जाऊ शकला नाही.

त्यानंतर हात गेले, वाचाही गेली. डोळे उरले. चित्रकार असलेल्या वडिलांनी डोळ्यांच्या हालचालींवरून अक्षरे ओळखण्याची एक पद्धत तयार केली आणि तिच्या आधारे बेकर बोलू लागला, संगीतही रचू लागला. ‘पर्स्पेक्टिव्ह’ नव्वदच्या दशकात आला, ‘ट्रायम्फंट हार्ट्स’ २०१८ मध्ये. वाजवणारे बहुतेक दुसरे, रचना त्याची. श्रेड म्हणजे केवळ बोटांचा व्यायाम, असे मानणाऱ्यांनी या दोन अल्बमचे काय करायचे हे सांगावे. ‘एअर’ पुन्हा ऐकल्यावर लक्षात येते, की स्वरांच्या दोन ओळी एकमेकींत गुंफण्याची हौस त्या मुलाला तेव्हाही होती. वेग डोळ्यांत भरला म्हणून ती झाकली गेली.

मग ओहोटी का लागली?

१९९१ मध्ये निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि सोलो वाजवणे जुनाट ठरले, असे सरधोपट कारण दिले जाते. पण घर आधीच पोखरलेले होते. सगळेच वेगवान झाले की वेगाचे अप्रूप उरत नाही. या पडत्या काळातही चांगले काम झाले. मेम्फिसच्या शॉन लेनचा ‘पॉवर्स ऑफ टेन’ (१९९२) त्यापैकी एक. पुढे लेन बासवादक योनास हेलबोर्गबरोबर भारतीय तालाकडे वळला. व्ही. सेल्वागणेश यांच्यासोबतचा ‘गुड पीपल इन टाइम्स ऑफ ईव्हिल’ (२०००) ऐकला तर कळते, की कंजिऱ्यासमोर बसल्यावर त्याच्या वेगाला मात्रांचा हिशेब द्यावा लागला, आणि तो त्याला मानवला. लेन २००३ मध्ये गेला.

नव्या श्रोत्याने कोठून सुरुवात करावी?

आज पॉलिफियासारखे बँड हिप-हॉपच्या ठेक्यावर नायलॉनच्या तारांची गिटार वाजवतात. २०२२च्या त्यांच्या अल्बममध्ये खुद्द स्टीव्ह वाय पाहुणा आहे. त्यामुळे परंपरा तुटलेली नाही. तुटली आहे ती सलग ऐकण्याची सवय. रील्समध्ये सोलोचे टोक तेवढे दिसते, तिथवरची चढण कापलेली असते.

तेव्हा आधी सॅट्रियानी, मग ‘ब्लॅक स्टार’, मग बेकर. वायला रात्रीची वेळ द्यावी. ‘इरप्शन’ कधीही चालेल, पण फोनच्या स्पीकरवर नको. साधे इयरफोन लावले तरी पहिल्याच तारेला फरक कळतो.