शेतकरी आंदोलनाचा वारसदार कोण?

लोकनेत्यामागे त्याचा वारस कोण, हा प्रश्न आपल्याकडे पक्षाच्या कार्यालयापेक्षा नेत्याच्या घरात लवकर उपस्थित होतो आणि बहुधा तेथेच सुटतो किंवा चिघळतो. बारामती परिसरास हे वेगळे सांगावयास नको. २०२४ मध्ये आधी लोकसभेस आणि मग विधानसभेस एकाच घरातील उमेदवार परस्परांसमोर उभे राहिलेले येथील मतदारांनी पाहिले आणि दोन वेळा दोन निराळे निकाल दिले. परंतु ज्या नेत्यामागे कारखाना नव्हता, जिल्हा बँक नव्हती, शिक्षणसंस्था नव्हती आणि ज्याच्या मुली राजकारणाकडे फिरकल्याही नाहीत, त्याच्या वारशाचे काय होते? शरद जोशी यांचे १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर इतकी वर्षे लोटली तरी शेतकरी आंदोलनाच्या वारशाचा निवाडा झालेला नाही. तो का होत नाही, हे पाहण्यासाठी इंदापूर-बारामतीचा ऊसपट्टा ही सोयीची जागा आहे.

जोशी टपाल खात्यातील अधिकारी होते. बर्न येथील जागतिक टपाल संघटनेतील नोकरी सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेऊन त्यांनी शेती आरंभिली. पिकाचा खर्च आणि हाती आलेले पैसे यांचा हिशेब मांडताच त्यांना जे दिसले, त्यातून शेतकरी संघटनेचा एककलमी कार्यक्रम निघाला: शेतीमालास उत्पादनखर्चावर आधारलेला रास्त भाव. चाकणचा कांदा, १९८० चे नाशिक जिल्ह्यातील कांदा-ऊस आंदोलन आणि उसाला टनाला ३०० रुपयांची मागणी, १९८१ चे निपाणीचे तंबाखू आंदोलन, १९८६ चे चांदवडचे महिला अधिवेशन हा क्रम जुन्या वाचकांस पाठ असेल. मते मागावयास आलो तर जोड्याने मारा, असे सांगणारा हा नेता पुढे स्वतंत्र भारत पक्ष काढून निवडणुकीतही उतरला. ते वळण संघटनेस मानवले नाही, हे त्यांच्या चाहत्यांनीही आता मान्य करावयास हरकत नसावी.

तथापि जोशींचे खरे सामर्थ्य गर्दी जमविण्यात नव्हते. गर्दी दत्ता सामंतांनीही जमविली होती आणि १९८२ च्या संपानंतर ती कोठे विरली, हे गिरणगाव जाणतो. जोशींनी शेतकऱ्याच्या हाती एक विचार दिला. कर्ज ही त्याची नालायकी नसून भाव पाडण्याच्या सरकारी धोरणाचे फळ आहे, हे त्यांनी शिबिरांतून, 'शेतकरी संघटक'च्या अंकांतून आणि हजारो सभांतून समजावून सांगितले. भीक मागू नका, दाम मागा, ही शिकवण कर्जबाजारी माणसाला ताठ मानेने उभी करणारी होती. अर्थशास्त्राचा इतका सोपा आणि इतका परिणामकारक पाठ आम्हां प्राध्यापक मंडळींना वर्गात कधी देता आलेला नाही, हे जाता जाता नमूद करतो.

आता वारसांकडे वळू. विचाराचा वारसा मूळ संघटनेकडे आहे, याबद्दल वाद नाही. शासनाने बाजारातून बाहेर पडावे, निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा आणि झोनबंदी असे फास काढावेत, ही जोशींची भूमिका तिने सोडली नाही. केंद्राच्या तीन कृषी कायद्यांस देशातील बहुतेक शेतकरी संघटना विरोध करीत असता अनिल घनवट यांनी त्यांतील बाजारस्वातंत्र्याचे समर्थन केले आणि जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीवर कामही केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घेतले गेले. दिल्लीच्या सीमेवर बसलेला शेतकरी हमीभावाची कायदेशीर हमी मागत होता, म्हणजे शासनाने अधिक बांधून घ्यावे असे म्हणत होता. ग्रंथ ज्यांच्या हाती राहिला त्यांच्यामागे दिंडी नव्हती.

दिंडी राजू शेट्टी यांच्यामागे गेली. २००४ मध्ये त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. जोशींनी सहकारी साखर कारखानदारीवर जन्मभर टीका केली, परंतु त्या साम्राज्याच्या राजधानीत जाऊन बसण्याचे काम शेट्टींनी केले. नोव्हेंबर २०११ मध्ये ते पंढरपूरहून पायी बारामतीस आले आणि येथे त्यांनी उपोषण मांडले. पुढच्याच वर्षी, त्या वेळच्या सहकारमंत्र्यांच्या मतदारसंघात म्हणजे इंदापुरात, पहिली उचल ३००० रुपये मिळावी म्हणून आंदोलन पेटले, शेट्टींना अटक झाली आणि सांगली जिल्ह्यात वसगडे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा प्राण गेला. ज्यांच्या घरात कारखान्याचे संचालकपद आणि उसाची थकबाकी एकाच वेळी नांदत होती, अशा अनेकांनी त्या दिवसांत मान खाली घालून आंदोलनाला शिधा पोहोचविला, असे येथे खाजगीत बोलले जाते. जाहीरपणे कोणी बोलत नाही. गाळपाला ऊस वेळेवर जाणे न जाणे कोणाच्या हाती असते, हे सर्वांस ठाऊक आहे.

शेट्टींची चिकाटी वादातीत आहे. रास्त व किफायतशीर दर, ज्यास एफआरपी म्हणतात, तो दोन हप्त्यांत देण्याची मुभा राज्य शासनाने २०२२ मध्ये दिली होती. ती त्यांच्याच याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केली. परंतु याच माणसाला हातकणंगल्याच्या मतदारांनी २०१९ आणि २०२४ अशा दोन निवडणुकांत नाकारले. मध्यंतरी ते भाजपबरोबर गेले, बाहेर पडले, काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर गेले, तेथूनही बाहेर पडले. सदाभाऊ खोत मंत्री झाले आणि २०१७ मध्ये वेगळे निघाले. उचलीचा प्रश्न सुटावा म्हणून शेतकरी शेट्टींना हाक मारतो. मत देताना मात्र तो जात, गाव, पॅनेल आणि पाण्याचे आवर्तन पाहतो. यात त्याला दोष देण्याचे कारण नाही.

राग आटलेला नाही, हेही तितकेच खरे. जून २०१७ मध्ये पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपाला धड नेता नव्हता, तरी सरकारला ३४,००० कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि २०२४ च्या लोकसभेत दिंडोरीसारख्या कांद्याच्या मतदारसंघात केंद्रातील राज्यमंत्र्यांचा पराभव झाला. तो राग कोणत्याही शेतकरी संघटनेच्या पदरात न पडता विरोधी पक्षांच्या पदरात पडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी नागपुरात रस्ते अडविले ते कर्जमाफीसाठी, आणि सरकारने ३० जून २०२६ ची मुदत सांगून वेळ मारून नेली. जोशींच्या भाषेत बोलावयाचे तर आंदोलन दामाकडून पुन्हा माफीकडे सरकले.

हे असे का व्हावे? नेत्यांचे मानापमान हे एक कारण खरे, पण ते वरवरचे आहे. खाली जमीनच बदलली आहे. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिवाटीचे क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. ज्याच्याकडे दहा एकर ऊस आहे त्याला टनामागे वाढलेल्या दोनशे रुपयांनी संसारात फरक पडतो. एक एकराचा धनी त्याच दोनशेसाठी रस्त्यावर उतरेल, पण त्याचे घर त्यावर चालणार नाही. ते चालते थोरल्याच्या पगारावर, आणि थोरला पाळी धरून बारामतीच्या किंवा लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत जातो. त्याची नेमणूक पुष्कळदा कंत्राटदाराकडची असते. बाप भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या कारखान्याचा सभासद असतो, त्याला मत असते, निदान वार्षिक सभेत उठून विचारण्याचा हक्क असतो. मुलाला यांतले काहीच नसते. जोशींनी देशाचे 'इंडिया' आणि 'भारत' असे दोन भाग केले होते आणि संघटित कामगाराला ते 'इंडिया'च्या बाजूला बसवीत. वसाहतीच्या फाटकात सकाळी दुचाकी लावणारा हा मुलगा कोणत्या भागात मोडतो?

दुसरी अडचण अधिक अवघड जागेची आहे. एफआरपीतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती रक्कम पडते. बीडकडून आलेली टोळी उसाच्या फडात कोयता चालविते तेव्हा तिच्या मजुरीतील वाढ ही शेतकऱ्याच्या भावातील घट ठरते. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात कारखान्यांचा आणि मुकादमांचा फायदा आहे. भावाचे आंदोलन करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे फारसे वळून पाहिले नाही.

साखरेच्या बाजूचा हिशेबही बिघडलेला आहे. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढील सहा हंगाम तेथेच राहिली. एफआरपी मात्र याच काळात क्विंटलला २७५ रुपयांवरून ३४० वर गेली. मधल्या काळात त्यासाठीचा पायाभूत उतारा दहा टक्क्यांवरून सव्वादहा टक्के झाला, हे लक्षात घेऊनही अंतर मोठे आहे. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधने घातली. अशा स्थितीत केवळ कारखान्याच्या फाटकावर जाऊन बसण्याने मिळण्यासारखे थोडेच उरते. खरा प्रतिवादी दिल्लीत असतो आणि साखर, कांदा, तूर यांचे भाव शहरी ग्राहकाकडे पाहून ठरवितो. हे जोशींनी चाळीस वर्षांपूर्वी सांगितले होते. त्या बाबतीत मूळ संघटनेचे म्हणणे आजही अधिक बरोबर आहे आणि शेट्टींची कार्यपद्धती अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे. दोघे एका व्यासपीठावर येतील अशी आशा बाळगणारे जुने कार्यकर्ते आहेत. मला ती शक्यता फारशी वाटत नाही.

उत्तरेत महेंद्रसिंह टिकैत २०११ मध्ये गेले आणि त्यांच्या मुलांनी गादी चालविली. तेथे खाप आहे, एकच प्रबळ शेतकरी जात आहे, सलग टापू आहे. महाराष्ट्रात कापूस, कांदा, ऊस, सोयाबीन यांचे शेतकरी वेगवेगळ्या ऋतूंत वेगवेगळ्या कारणांनी रडतात, आणि त्यांना एका हिशेबाने बांधणारा माणूस आता नाही. वारस शोधावयाचा तर आणखी एक वक्ता शोधून भागणार नाही. एक एकर ऊस, कंत्राटी पाळी आणि वजा होणारी तोडणी हा एकाच घराचा जमाखर्च कोणीतरी पुन्हा कागदावर मांडावयास हवा, जसा आंबेठाणला एकदा मांडला गेला होता. हे काम आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगे आहे. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी उसाची बिले आणि पगाराच्या चिठ्ठ्या एकाच पेटीत ठेवलेल्या असतात.