पेरू-फेणीची मार्टिनी

घरी मित्रमंडळी जमली की आमच्या पिढीचा हात आधी वोडकाच्या बाटलीकडे जातो. मी फेणी काढतो. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही आपली काजूफेणी अजूनही अनेक घरांत सर्दीच्या औषधापुरतीच उरली आहे. तिचा वास उग्र खरा, पण पेरूशी तिचं छान जमतं.

अस्सल मार्टिनी म्हणजे जिन आणि व्हर्मुथ. फळांच्या मार्टिनीत तिचा उरतो तो बहुधा ग्लासच! तरी करून बघा. एका ग्लासासाठी 45 मिली फेणी, 60 मिली गुलाबी पेरूचा गाळलेला रस, 15 मिली लिंबाचा रस आणि 10 मिली साखरेचा पाक. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते. बर्फाचे मोठे खडे घाला. चुऱ्याने पेय पाणचट होतं. साधारण 15 सेकंद जोरात हलवा. ग्लासच्या कडेला लिंबू फिरवून तिखट-मीठ लावा आणि गाळून ओता.

फेणीत 42 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं आणि गोड रसात ते जिभेला कळत नाही. म्हणून अंदाजाने नाही, मापानेच ओता. ज्याला गाडी चालवायची आहे, ज्याचं मद्यपानाचं कायदेशीर वय झालेलं नाही किंवा ज्याला नकोच आहे, त्याला फेणी वगळून, वरून सोडा घालून तोच ग्लास, तेच तिखट-मीठ. “का घेत नाहीस?” हा प्रश्न मात्र कुणालाच विचारू नका.