गॅरेजमध्ये गाडी कधीच बंद पडत नाही!

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की पहिल्याच दिवाळीत कोणीतरी काका विचारतातच, "काय इंजिनिअर, आमची गाडी मध्येच बंद पडते, बघ जरा!" आपण थर्मोमध्ये ऑटो सायकलची एफिशियन्सी काढलेली असते. कॉम्प्रेशन रेशो दिलेला असतो, गामा 1.4 घेतलेला असतो, उत्तरही जुळलेलं असतं. पण काकांची गाडी मध्येच का बंद पडते, हे कुठल्याच पेपरात आलेलं नसतं. त्यातून गंमत म्हणजे आपण बघायला गेलो की ती बंद पडतच नाही! एका सेल्फमध्ये चालू होते, आयडलिंगला शहाण्यासारखी उभी राहते. गॅरेजमध्येही तेच. मिस्त्री चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "साहेब, गाडी तर एकदम ओके आहे." आणि दुसऱ्या दिवशी ऐन सिग्नलला गाडी पुन्हा बंद!

मित्रांनो, या विषयावर माझं मत जरा ठाम आहे. अधूनमधून येणारा दोष हाच अभियंत्याचा खरा पेपर आहे. दोष कायमचा असेल तर तो शोधणं सोपं, कारण तो समोर बसलेला असतो. येऊन-जाऊन असणारा दोष पकडायला ज्ञानापेक्षाही शिस्त जास्त लागते. आणि एकामागून एक पार्ट बदलत जायचं, कधीतरी गाडी सुधारेल म्हणून वाट पाहायची, याला 'निदान' म्हणणं चूक आहे. ती लॉटरी झाली, तीसुद्धा दुसऱ्याच्या पैशाने!

यात मिस्त्रींना नावं ठेवण्याचा हेतू मुळीच नाही. त्यांचा हिशोब बघा. कॉइल बदलली तर कॉइलचे पैसे आणि मजुरी मिळते. दोन दिवस विचार करून, गाडी फिरवून, 'एक वायर सैल होती' एवढंच सांगितलं तर गिऱ्हाईक म्हणतं, "वायर दाबायचे एवढे पैसे?" म्हणजे विचार करायचे पैसे आपण कोणी देत नाही, पार्टचे देतो. मग पार्टच बदलले जाणार!

बरं, पार्ट बदलल्यावर गाडी 'सुधारली' असं वाटतं, त्याचं काय? इथे एम-थ्रीमध्ये घोकलेलं पॉइसन डिस्ट्रिब्युशन कामाला येतं. (हो, ते खरंच कामाला येतं!) समजा, एखादी गाडी सरासरी आठवड्यातून एकदा बंद पडते आणि तिचं बंद पडणं निव्वळ यदृच्छेवर आहे. आता तिला काहीही दुरुस्ती केली नाही, तरी पुढचे सात दिवस ती एकदाही बंद न पडण्याची शक्यता किती? सुमारे 37 टक्के. तीन दिवस बंद न पडण्याची तर 65 टक्के. म्हणजे अशा शंभर गाड्यांत निष्कारण नवी कॉइल बसवली, तर 37 मालक आठवड्याने सांगतील, "कॉइलनेच काम झालं!" मिस्त्रीही तोच धडा शिकेल आणि पुढच्या गाडीलाही कॉइलच सुचवेल. या गाडीबद्दल थोड्या खात्रीने बोलायचं तर निदान तीन आठवडे थांबायला हवं, कारण तेव्हा ही शक्यता 5 टक्क्यांवर येते. दोष जितका विरळ, तितकी वाट जास्त बघायची. किती जण बघतात?

मग करायचं काय? पहिली गोष्ट, बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारायचे. पेट्रोल इंजिनाला पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि कॉम्प्रेशन एवढंच लागतं. कॉम्प्रेशन सहसा असं दहा मिनिटं जाऊन परत येत नाही. म्हणून संशय मुख्यतः इंधनावर आणि विजेवर. आता चालवणाऱ्याला विचारा, इंजिन कसं बंद पडलं? बटन दाबून दिवा घालवावा तसं, एका क्षणात? मग बहुधा वीज गेली: इग्निशन स्विच, कॉइल, रिले, क्रँक सेन्सर, नाहीतर सैल अर्थिंग. की आधी दोन-चार झटके दिले, ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढेना, मग मान टाकली? तर बहुधा पेट्रोल कमी पडतंय. हा नियम शंभर टक्के नाही, पण या एका प्रश्नाने अर्धी यादी कमी होते आणि प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

दुसरा प्रश्न, परत चालू कशी झाली? 'दहा मिनिटं थांबलो आणि झाली' हे उत्तर जुन्या गाड्यांत फार वेळा येतं. त्या दहा मिनिटांत काय काय बदलतं, याचा विचार करा. कॉइल थंड होते. गरम झाल्यावर तिच्या आतल्या तारेचं इन्सुलेशन दगा देत असेल, तर थंड झाल्यावर ती पुन्हा निमूट काम करते. क्रँक सेन्सरचंही तसंच. म्हणून थंड सेन्सरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर बरोबर आला, याचा अर्थ 'थंड असताना बरोबर आहे' एवढाच! टाकीत कचरा असेल तर इंजिन चालू असताना तो ओढीने जाळीवर येऊन बसतो. इंजिन थांबलं की ओढ थांबते, कचरा खाली बसतो, वाट मोकळी. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाइपातल्या पेट्रोलची गरमीने वाफ होते, तीही थांबल्यावर निवते. घाट चढताना प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकणारे ड्रायव्हर आपल्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहेत. त्यांना 'व्हेपर लॉक' हा शब्द माहीत असो-नसो, प्रयोग मात्र त्यांनी बरोबर केला होता. एकच जागा थंड करायची आणि गाडी चालू होते का ते बघायचं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून पद्मिनी टॅक्सी गेल्या, पण ही पद्धत जायला नको.

तिसरी गोष्ट, वही! आमच्या एका मित्राच्या घरी जुनी, कार्ब्युरेटरची छोटी गाडी आहे. गावाला जाताना ती मध्येच बंद पडायची, शहरात कधीच नाही. प्लग झाले, फिल्टर झाला, कॉइल झाली, कार्ब्युरेटर दोनदा खोलून झाला. शेवटी गुंता सोडवला तो त्याच्या आईने. त्या पेट्रोलचा हिशोब घरखर्चाच्या वहीत तारखेनिशी लिहितात. त्यांच्या लक्षात आलं, की गाडी बंद पडते ती टाकी फुल केल्यानंतरच्या लांबच्या प्रवासातच. सगळ्यांना आधी हसू आलं. पेट्रोल भरल्याने गाडी बंद कशी पडेल? पण पुढच्या वेळी गाडी थांबताच मित्राने टाकीचं झाकण उघडलं, तर 'सुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली. पेट्रोल जसं कमी होतं तशी टाकीत हवा यायला हवी. ती यायची वाटच धुळीने बुजली होती. फुल टाकीत वर मोकळी जागा अगदी थोडी, त्यामुळे थोडं पेट्रोल ओढलं तरी दाब पटकन उतरायचा आणि पंपाची ओढ अपुरी पडायची. उभी राहिली की कुठूनतरी हळूहळू हवा झिरपायची. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत म्हणूनच काही व्हायचं नाही. दुरुस्ती काय, तर ती वाट साफ करणे! सांगायचा मुद्दा, निदान पान्याने झालं नाही, नोंदींनी झालं.

तेव्हा नोंद ठेवा: तारीख, किती वेळ चालवल्यावर, ऊन की पाऊस, चढ की खड्डा, टाकीत पेट्रोल किती, एसी चालू होता का, काटे आणि दिवे काय दाखवत होते. आणि गाडी बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं वाया घालवू नका, कारण पुरावा तेवढाच वेळ जागेवर असतो. अर्थात आधी सुरक्षितता! इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता, एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, मगच शोध. इलेक्ट्रिक पंपाची गाडी असेल तर चावी ऑन केल्यावर दोन सेकंद पंपाची गुणगुण येते का ऐका. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून प्लगच्या वायरला टायमिंग लाइटचा चिमटा लावा, ठिणगी आहे की नाही ते काही न उघडता कळतं. गाडी धड चालू असताना वायरिंग एकेक करून हलवून बघा, संशयित पार्ट हेअर ड्रायरने तापवून बघा. पंपाच्या वायरीवर एक छोटा बल्ब जोडून तो डॅशबोर्डवर आणून ठेवा. गाडी बंद पडण्याच्या क्षणी बल्ब विझला, तर पंपापर्यंत वीजच पोचत नव्हती, हे कळलं. बल्बाची किंमत किती आणि पंपाची किती, तुम्हीच बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर गाडी कदाचित सुधारेल, पण कशाने ते कधीच कळणार नाही.

कोणी म्हणेल, आता स्कॅनर आहेत की! लावला, कोड वाचला, पार्ट बदलला. इथेही तीच गफलत होते. पी-0335 असा कोड आला, तर तो क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या 'सर्किट'बद्दल बोलतो. त्यात सेन्सर आला, तशी वायर आली, कनेक्टर आला, दातेरी रिंग आली, ईसीयूही आला. कोड म्हणजे तक्रार कोणत्या खोलीतून आली तो पत्ता. गुन्हेगार कोण, ते आपणच शोधायचं.

'जुन्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला?' असाही प्रश्न येईल. त्याचं उत्तर अमेरिकेत मिळतं. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्टसारख्या काही गाड्या चालता चालता बंद पडत. चावीला गुडघा लागला किंवा जुडगा जड असला, की इग्निशन स्विच 'रन'वरून सरकायचा, कारण त्याला धरून ठेवणारा टॉर्क ठरवलेल्यापेक्षा कमी होता. तक्रारी 2004-05 पासून कंपनीत पोचत होत्या. पण चालत्या गाडीचं बंद पडणं ही 'ग्राहकाची गैरसोय' अशा खात्यात टाकलं गेलं, आणि चावीच्या जुडग्यातल्या जड वस्तू काढा, असा सल्ला 2005 मध्ये दिला गेला. स्विच सरकला की एअरबॅगचीही वीज जाते, ही साखळी वर्षानुवर्षं जोडली गेली नाही. 2006 मध्ये स्विच सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला! त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना करणाऱ्या कंपनीच्याच लोकांना काही उलगडेना. शेवटी एका वकिलाने नेमलेल्या बाहेरच्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून तपासले आणि फरक दिसला. 2014 मध्ये या दोषासाठी सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. एवढी मोठी कंपनी, एवढे अभियंते, आणि चुकलं काय? नोंद नीट ठेवली नाही, आणि 'अधूनमधून' हा शब्द 'किरकोळ' असा वाचला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या लॅबमध्ये लाल-पिवळ्या रंगातलं कट-सेक्शन इंजिन आहे. छान आहे, पण ते कधीच बंद पडत नाही, कारण ते कधी चालूच होत नाही! आपल्या प्रत्येक पेपरवर 'असूम सुटेबल डेटा, इफ नेसेसरी' असं छापलेलं असतं. चार वर्षं आपण डेटा गृहीत धरतो; तो गोळा करायला कोणी सांगत नाही. माझी सूचना साधी आहे. वर्कशॉपमध्ये एक जुनी, चालती गाडी ठेवा. सरांनी तिच्यात एक लपलेला दोष घालावा: सैल अर्थिंग, गरम झाल्यावर सुटणारा रिले, अर्धवट बुजलेली पेट्रोलची जाळी. एका ग्रुपला पूर्ण सेमिस्टर द्यावं. मार्क दोष सापडण्याला कमी आणि नोंदवहीला जास्त असावेत: काय पाहिलं, कशाचा संशय घेतला, कोणत्या चाचणीने तो खोडला. अशी जर्नल मागच्या बॅचची बघून उतरवता येणार नाही, हा आणखी एक फायदा! आणि महिन्यातून एकदा गावातल्या एखाद्या अनुभवी मिस्त्रींना मानधन देऊन लॅबमध्ये बोलवावं. विचार करायचे पैसे द्यायची सुरुवात आपल्यापासूनच होऊ दे.

मित्रांनो, उद्या आपण कारखान्यात जाऊ, सॉफ्टवेअरमध्ये जाऊ, कुठेही जाऊ. 'मध्येच होतं, आत्ता होत नाहीये' ही तक्रार सगळीकडे भेटणार. 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा मारून फाइल बंद करणं तिथेही सोपंच असेल. समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. त्याची गाडी खरंच बंद पडलेली असते. त्याच्यावर विश्वास ठेवायचा, आपल्या अंदाजावर मात्र पुराव्याशिवाय ठेवायचा नाही, एवढं जमलं तरी डिग्रीचं सार्थक झालं म्हणायचं!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी