सासूबाईंचा शालू आणि मालिकेतल्या जिजाऊ



कर्जतहून एका भगिनीचं पत्र आलंय. कर्जत म्हणजे आपल्या नगरचं बरं का (आता जिल्हा अहिल्यानगर), रायगडातलं नव्हे. गंमत अशी, की पत्राचा धागा त्या दुसऱ्या कर्जतपर्यंत जातो. नितीन देसाईंचा स्टुडिओ तिथला आणि २००८ साली आलेली त्यांची ‘राजा शिवछत्रपती’ मालिका आपण सगळ्यांनी भाकऱ्या थापता थापता पाहिली. त्यात मृणाल कुलकर्णी जिजाऊ झाल्या होत्या.

आता या भगिनीची दहा वर्षांची लेक गॅदरिंगला जिजाऊ होणार आहे. पोशाख “मालिकेतल्यासारखा” हवा. घरात सासूबाईंचा लग्नातला शालू आहे. तो कापून मापाचा शिवावा का, असं त्या विचारतात. पुढे लिहितात, “सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत, पण पेटीची किल्ली देताना त्यांचा हात थांबला.”

अहो, तिथंच उत्तर मिळालं की! कापू नका. हा गाढवपणा मी स्वतः केलाय. आईच्या शालूचं परकर-पोलकं शिवलं, एका संध्याकाळी मिरवलं, आणि उरलेल्या तुकड्यांकडे आई नुसती बघत राहिली.

मालिकेतला पोशाख कॅमेऱ्यासाठी असतो. स्टेजवरचा तर वीस फुटांवरून दिसतो. तिथं खोटी जर खऱ्यापेक्षा जास्त चमकते! साधी काठापदराची सहावारी घ्या. एवढ्या मुलीला ती कासोटा घालून नऊवारीसारखी छान बसते. नेसवायला मात्र सासूबाईंनाच सांगा. निऱ्या सुटू नयेत म्हणून कमरेला आतून नाडी बांधा. टाचण्या नकोत, पोरी नाचतात.

पुण्याला गेलात तर केळकर संग्रहालय जरूर बघा. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी ते उभं केलं. जुनी वस्त्रं, दागदागिने, घरातली भांडीकुंडी, सगळं जपलंय. कोल्हापूरच्या भानू अथय्यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं. आपल्यामागे ते नीट राहावं म्हणून २०१२ साली त्यांनी ते अकादमीकडेच सांभाळायला परत दिलं. धातूच्या बाहुलीची एवढी काळजी, मग रेशमाची किती घ्यायला हवी!

तेव्हा शालू आता बाहेर काढलाच आहे तर सावलीत, वाऱ्यावर तासभर पसरा. ऊन नको. जुन्या घड्या मोडून नवीन ठिकाणी घाला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या मऊ सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, दमट राहतं. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. हँगरला टांगू नका, स्वतःच्याच वजनानं फाटतो. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला.

आणि गॅदरिंगच्या दिवशी तो शालू सासूबाईंनाच नेसू द्या. पहिल्या रांगेत बसवा त्यांना.