धारेनंतरचा अर्धा तास

म्हशीला 'दगडी' झाल्याची कैफियत पशुवैद्यापुढे येते ती बहुधा कास सुजून कठीण झाल्यावर, सडातून पाणी किंवा गुठळ्या येऊ लागल्यावर आणि जनावर कासेला हात लावू देईनासे झाल्यावर. परंतु या व्याधीचे जे रूप गोठ्याचा जमाखर्च मुकाट्याने बिघडविते, ते याहून पुष्कळ शांत असते. कासेत जंतू शिरलेले, दूध मात्र दिसावयास निर्मळ आणि म्हैस स्वस्थपणे रवंथ करीत असलेली, अशा सुप्त कासदाहात दूध घटले म्हणजे मालक वैरणीला दोष देतो, आणि स्निग्धांश पाहून दर ठरविणाऱ्या संकलन केंद्राच्या दप्तरीही त्या घटीचे कारण रुजू होत नाही. वस्तुतः प्रत्येक सडाचे दूध निरनिराळे घेऊन त्यात धुण्याच्या पावडरीचे ३ टक्क्यांचे द्रावण समभाग मिसळले, तर दुखऱ्या सडाचे दूध चिकट होऊन आपली साक्ष आपणच देते. शाल्म व नूरलँडर यांनी १९५७ साली कॅलिफोर्नियात प्रसिद्ध केलेली परीक्षा याच तत्त्वावरची आहे.

म्हशीच्या सडाचे मुख गाईच्यापेक्षा घट्ट मिटते. हे तिचे निसर्गदत्त कवच होय, आणि तिची धार जड लागते तीही त्यामुळेच. पण ही जड धार लवकर सुटावी म्हणून अंगठा मुडपून सड ओढण्याचा जो दस्तूर पडला आहे, त्याने आतले अस्तर दुखावते व जंतूंना ठाव मिळतो. मुठीने धार काढावी, हे सांगून सांगून पशुवैद्य थकले.

मला आग्रह धरावयाचा आहे तो त्याहून सोप्या गोष्टीचा. धार संपल्यावर सडाचे मुख पुरते मिटण्यास सुमारे अर्धा तास लागतो. आपण मात्र पान्हा सुटावा म्हणून आंबोण पुढे ठेवतो, पाटी रिकामी होते तोच चरवी भरते, आणि तृप्त झालेले ते जनावर उघड्या सडांनिशी शेणामुतात बसते. आंबोण धारेला खुशाल द्यावे. हिरव्या वैरणीची पेंढी तेवढी मागे राखून, सड आयोडीनच्या द्रावणात बुडविल्यावर, तिच्यापुढे टाकावी, म्हणजे ती खाण्यासाठी उभी राहील.

प्रतिजैविकाची सुई आहेच, असे कोणी म्हणेल. पण तिचा अंश उतरेपर्यंतचे दूध विकता येत नाही, आणि लोभाने विकलेच तर त्याचे विरजण बिघडून बिंग फुटते. पेंढीला निराळा खर्च नाही; रोजचीच ती, फक्त उशिरा टाकावयाची.